ड्रोन तिनं उडवला, डेटा तिनं साफ केला, मग पेपरवर पहिलं नाव कुणाचं?

ड्रोनच्या फोटोंवरून जमिनीचा, झाडांचा अभ्यास करणाऱ्या संशोधनात पेपरवर कुणाचं नाव कितव्या नंबरला येणार यावरून कुरबुरी होतात त्या पेपर लिहून झाल्यावर, पण खरं तर तो निकाल फार आधी लागलेला असतो. फ्लाइट प्लॅन कुणी केला, कंट्रोलर कुणाच्या हातात होता, ग्राउंड कंट्रोल पॉइंट (जागा अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणा) कुठे लावायचे हे कुणी ठरवलं आणि ‘तू जरा नोंदी सांभाळ’ हे कुणाला सांगितलं गेलं, तिथेच ऑथरशिपची अर्धी वाटणी होऊन जाते. त्यामुळे इथे उत्तेजन वगैरेवर भाषण नाही, उड्डाणाच्या आधीपासून पेपर छापून येईपर्यंत नेमकं काय काय करायचं तेवढंच लिहिते. थोडं संशोधन करणाऱ्या मुलींसाठी, थोडं लॅब चालवणाऱ्यांसाठी आणि थोडं जर्नलच्या एडिटर मंडळींसाठी.

आधी परिस्थिती काय आहे ते पटकन. २०१३ साली ‘नेचर’मध्ये जगभरातल्या पेपरांचा एक मोठा हिशोब आला होता, त्यात बाई फर्स्ट ऑथर (पहिल्या नावाची लेखिका) असलेल्या प्रत्येक पेपरमागे पुरुष फर्स्ट ऑथर असलेले जवळजवळ दोन पेपर निघाले. मग २०२२ मध्ये त्याच नियतकालिकात मोठ्या रिसर्च टीम्सचा अभ्यास आला, त्यात दिसलं की टीममध्ये असूनही पेपरवर नाव लागण्याची शक्यता बायकांच्या बाबतीत सुमारे १३ टक्क्यांनी कमी असते, आणि पेटंटवर तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे बायका काम कमी करतात असा विषयच नाही, केलेलं काम नावावर चढत नाही हा विषय आहे.

आणि ड्रोन-उपग्रहांवरून लांबून पृथ्वीची पाहणी करायचं हे क्षेत्र, म्हणजे रिमोट सेन्सिंग, बायकांनी उभं केलेलं नाही असं कुणी म्हणत असेल तर व्हर्जिनिया नॉरवूड हे नाव सांगा. १९७२ साली पृथ्वीचे फोटो काढणारा पहिला लँडसॅट उपग्रह गेला तेव्हा त्याच्यावर मुख्य उपकरण म्हणून टीव्हीसारखे कॅमेरे होते आणि नॉरवूड बाईंनी डिझाइन केलेला मल्टिस्पेक्ट्रल (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगळे मोजणारा) स्कॅनर दुय्यम, प्रयोगापुरता म्हणून बसवलेला. थोड्याच दिवसांत त्या कॅमेऱ्यांच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला, ते बंद करावे लागले आणि सगळी मदार स्कॅनरवर आली, ज्याचा डेटा तसाही सरस निघाला. आज आपण लँडसॅटची जी सलग मालिका वापरतो ती त्या स्कॅनरपासून सुरू होते. ‘रिमोट सेन्सिंग’ हे नाव रूढ करण्याचं श्रेयही एव्हलिन प्रुइट या भूगोलतज्ज्ञ बाईंना दिलं जातं, आणि तरी बऱ्याच जणांनी अख्खी डिग्री घेतली तरी ही दोन नावं कानावरून गेलेली नसतात.

पहिली पायरी: उड्डाणाच्या आधी एक पानाचा कागद

प्रोजेक्ट सुरू होताना, म्हणजे बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या आधी, एका शेअर केलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवा की या डेटामधून साधारण कोणते पेपर निघतील, प्रत्येकाची फर्स्ट ऑथर कोण, आणि ते कोणत्या परिस्थितीत बदलेल. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ‘फर्स्ट ऑथरनं अमुक महिन्यापर्यंत पहिला ड्राफ्ट दिला नाही तर पुन्हा बसून ठरवू’ असं एक वाक्य असलं की पुढे कुणी आजारपणात किंवा बाळंतपणाच्या रजेत असताना परस्पर क्रम बदलला जात नाही. त्याच वाक्यात रजेचा काळ मोजायचा नाही हेही घालून टाका, नंतर मागायला गेलं की ती सवलत वाटते आणि आधी लिहिलेलं असलं की नियम असतो.

काम वाटायला क्रेडिट नावाची यादी वापरा, त्यात १४ भूमिका आहेत आणि बरीच जर्नल्स आता पेपरच्या शेवटी ती मागतातच. आपल्या कामात ती अशी बसते: प्रश्न सुचणं ही एक भूमिका, फ्लाइटची पद्धत ठरवणं ही मेथडॉलॉजी, प्रत्यक्ष उड्डाण आणि पॉइंट मोजणं हे इन्व्हेस्टिगेशन, हजारो फोटोंची छाटणी आणि लेबलिंग हे डेटा क्युरेशन, स्क्रिप्ट लिहिणं हे सॉफ्टवेअर, नकाशे काढणं हे व्हिज्युअलायझेशन. लेबलिंग हे ‘किरकोळ मदत’ म्हणून आभारात ढकललं जातं आणि ते करणाऱ्या बहुतेक मुली असतात, हे ज्यानं त्यानं आपल्या लॅबमध्ये एकदा मोजून बघावं.

आता इथे एक नियम सगळ्यांना पाठ पाहिजे. मेडिकल जर्नलांच्या एडिटरांची जी समिती आहे, आयसीएमजेई, तिचे ऑथरशिपचे ४ निकष इतर विषयांतही वापरले जातात: कामात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. याचा उलटा वापर असा होतो की ‘तिनं फक्त डेटा गोळा केला, लिहिलं कुठे’ म्हणून नाव कापतात. पण त्याच नियमावलीत पुढे स्पष्ट म्हटलंय की ज्यानं पहिला निकष पूर्ण केला त्याला बाकीचे पूर्ण करायची संधी दिली पाहिजे. म्हणजे तिला ड्राफ्ट पाठवलाच नाही आणि मग तिनं ड्राफ्ट वाचला नाही म्हणून नाव काढलं, हे चालत नाही. हा मुद्दा मीटिंगमध्ये शांतपणे मांडला तर समोरच्याकडे सहसा उत्तर नसतं.

दुसरी पायरी: फील्डवर कंट्रोलर फिरता ठेवा

ड्रोनच्या टीममध्ये पायलट हा एक मानाचा रोल बनून बसतो आणि तो एकदा एकाकडे गेला की तिथेच मुरतो, कारण ‘त्याचा हात बसलाय’. बरोबर आहे, बसलाय, कारण तोच उडवतो. मग मेथड्सचा भाग तोच लिहितो, पुढच्या प्रोजेक्टचा प्लॅनही तोच करतो, आणि कॉन्फरन्सला प्रश्न आला की माइकही त्याच्याकडेच जातो. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण तोच चालतो: ड्युटीचा तक्ता. प्रत्येक फील्डच्या दिवशी पायलट, व्हिज्युअल ऑब्झर्व्हर (उडत्या ड्रोनवर डोळ्यांनी नजर ठेवणारी व्यक्ती), पॉइंट मोजणारी व्यक्ती आणि लॉग भरणारी व्यक्ती बदलायची. ज्या मुलींकडे लायसन्स किंवा ट्रेनिंग नाही त्यांचं ट्रेनिंग प्रोजेक्टच्या बजेटमध्येच धरायचं, आपापलं बघा म्हणून सोडायचं नाही.

फील्डच्या बाकी गोष्टीही इथेच येतात, जसं की राहायची जागा, टॉयलेट, एकटीला लांबच्या साइटवर न पाठवणं, पाळीच्या दिवसांत ब्रेक. याबद्दल बोलायला लोक लाजतात आणि मग ‘तिला फील्ड आवडत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. प्लॅनमध्ये एक ओळ टाका, विषय संपला.

लॉगमध्ये तारीख, वेळ, उंची, ओव्हरलॅप (शेजारचे फोटो एकमेकांवर किती चढतात ते), ढग, वारा यांच्याबरोबर कुणी काय केलं ते नावानिशी लिहा. सहा महिन्यांनी कुणाला काहीच आठवत नसतं, आणि जो जास्त आवाजात आठवतो त्याचं खरं धरलं जातं.

तिसरी पायरी: छोटा पण आपला प्रश्न

पहिल्या पेपरसाठी स्वतःच्या मालकीचा छोटा प्रश्न निवडा. मोठ्या प्रोजेक्टमध्ये सातव्या नंबरचं नाव असण्यापेक्षा ‘दुपारच्या आणि सकाळच्या उड्डाणात सावलीमुळे झाडाची मोजलेली उंची किती बदलते’ असला साधा प्रश्न आणि त्यावर पहिलं नाव, हे माझ्या मते कधीही बरं. स्वतःचा ड्रोन नाही, परवानगी मिळत नाही, फील्डला जाणं शक्य नाही, अशी अडचण असेल तर सॅटेलाइट डेटा फुकट पडलाय. लँडसॅटचा संग्रह २००८ पासून मोफत आहे, पिक्सेल ३० मीटरचा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे मुख्य बँड (प्रकाशाचे पट्टे) १० मीटरचे आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी त्याच जागेवर. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि ड्रोनचे फोटो जोडायला ओपनड्रोनमॅप, ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. घरात लहान मूल आहे म्हणून वर्षभर फील्ड बंद झालं तरी पेपर बंद व्हायची गरज नाही, फक्त प्रश्न त्या डेटाला साजेसा घ्यायचा.

चौथी पायरी: रिव्ह्यूअर जिथे पकडतो तिथे आधीच भिंत बांधा

इथे जरा वेळ काढते, कारण ड्रोनचे पेपर पडतात ते बऱ्याचदा याच तीन-चार गोष्टींवर, आणि नवीन मुलीला ‘मेथड्स कमजोर’ असा शेरा एकदा मिळाला की ती पुढचा पेपर दोन वर्षं काढत नाही.

सगळ्यात आधी अचूकतेचा आकडा. सॉफ्टवेअर रिपोर्ट देतं त्यात कंट्रोल पॉइंटवरची एरर असते, समजा २ सेंटिमीटर, आणि लोक तोच आकडा पेपरात टाकतात. पण ते पॉइंट मॉडेल बसवायलाच वापरलेले असतात, त्यामुळे तिथे एरर कमी येणारच, पेपर सेट करणाऱ्यालाच परीक्षेला बसवल्यासारखं आहे ते. काही पॉइंट मुद्दाम बाजूला ठेवा, प्रोसेसिंगमध्ये वापरू नका, आणि त्यांच्यावरची एरर आडवी आणि उभी वेगवेगळी द्या. पॉइंट कशानं मोजले आणि त्या मोजणीचीच अचूकता किती, हेही एका वाक्यात लिहा.

दुसरं, ग्राउंड सॅम्पलिंग डिस्टन्स, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर किती मोठा पडतो ते. हा हिशोब स्वतः करून टाका, सॉफ्टवेअरवर सोडू नका: सेन्सरची रुंदी गुणिले उंची, भागिले (फोकल लेंग्थ गुणिले फोटोची पिक्सेलमधली रुंदी). उदाहरणार्थ १३.२ मिलिमीटर रुंद सेन्सर, ८.८ मिलिमीटर लेन्स, ५४७२ पिक्सेल आणि १२० मीटर उंची धरली तर एक पिक्सेल जमिनीवर साधारण ३.३ सेंटिमीटरचा पडतो. मग ३ सेंटिमीटरची रोपटी मोजली असा दावा आपोआपच निघून जातो.

तिसरं, सगळे फोटो सरळ खाली बघत समांतर ओळींत घेतले आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन नीट नसलं की उंचीच्या मॉडेलला घुमटासारखा किंवा वाडग्यासारखा बाक येतो. थोडे तिरके फोटो घेतले आणि पॉइंट सगळीकडे पसरून लावले की तो बराच कमी होतो. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा असेल तर उड्डाणाच्या आधी आणि नंतर रिफ्लेक्टन्स पॅनेलचा (किती प्रकाश परावर्तित होतो ते माहीत असलेल्या पाटीचा) फोटो घेतला का, मध्ये ढग आला का, हे लिहिलेलं पाहिजे, नाहीतर दोन तारखांचे एनडीव्हीआय (झाडांच्या हिरवेपणाचा निर्देशांक) शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मशीन लर्निंग वाल्यांसाठी: एकाच ऑर्थोमोझेकचे (फोटो जोडून केलेल्या सलग नकाशाचे) तुकडे करून ते रँडम पद्धतीनं ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटले तर शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे जातात आणि अचूकता फुगून ९५ टक्क्यांच्या वर दिसते. जागेनुसार गट पाडून टेस्ट करा, दुसऱ्या साइटवर केली तर उत्तमच. आकडा खाली येईल, येऊ द्या, त्या आकड्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

पाचवी पायरी: लिहिणं, आणि डेटा आपल्या नावावर लावणं

सुरुवात प्रस्तावनेपासून करू नका. आधी मेथड्स, मग नकाशे आणि आकृत्या, मग निकाल, प्रस्तावना शेवटी. मेथड्स लॉगवरून दोन बैठकांत होतं आणि हातात काहीतरी झालेलं दिसलं की पुढचं सरकतं. आठवड्यातून ठरलेल्या वेळी दोघी-तिघींनी ऑनलाइन बसून, कॅमेरे बंद ठेवून, आपापलं लिहायचं, ही पद्धत विशेषतः घर आणि नोकरी सांभाळणाऱ्यांना खूप उपयोगी पडते, कारण ‘मीटिंग आहे’ म्हटलं की घरात कुणी हाक मारत नाही (एकटीनं लिहीत बसलं की मात्र मारतात).

ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, आजच काढून टाका, १६ आकडी नंबर असतो, फुकट मिळतो. लग्नानंतर आडनाव बदललं, आद्याक्षर बदललं, स्पेलिंग दोन प्रकारे पडलं, तरी सगळे पेपर एका व्यक्तीच्या खात्यावर राहतात. हे पुरुषांना सहसा लागत नाही आणि म्हणून कुणी सांगतही नाही.

ऑर्थोमोझेक, लेबल्स, स्क्रिप्ट हे झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-संग्रहात टाका, त्याला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि तो डेटासेट स्वतंत्रपणे साइट करता येतो. तिथे पहिलं नाव डेटा तयार करणारीचं टाकायचं, पेपरवर काहीही क्रम असला तरी. फक्त लोकांची घरं, अंगणं किंवा दुर्मिळ प्राण्यांची घरटी फोटोत असतील तर अचूक जागा उघड करू नका.

संयुक्त फर्स्ट ऑथर हा तोडगा सारखा सुचवला जातो. चालेल, पण लक्षात ठेवा की साइट करताना लोक पहिलंच नाव लिहून ‘आणि इतर’ म्हणतात आणि तारांकित तळटीप कुणी वाचत नाही. तेव्हा वाटा खरंच सारखा असेल तर पहिलं लिहिलं जाणारं नाव तुमचं का नाही, हे विचारायला संकोच नको.

सबमिट करताना रिव्ह्यूअरांची नावं सुचवा असा कॉलम असतो, तिथे निम्मी नावं तरी बायकांची द्या. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या जर्नलांवर २०१७ मध्ये एक अभ्यास आला होता: २०१२ ते २०१५ या काळात स्वीकारलेल्या पेपरांत फर्स्ट ऑथर म्हणून २७ टक्के बायका, पण रिव्ह्यूअर म्हणून २० टक्केच. कारण ऑथर आणि एडिटर दोघंही बायकांची नावं कमी सुचवतात. नावं आठवत नसतील तर लेडीज ऑफ लँडसॅट, सिस्टर्स ऑफ सार (सार म्हणजे रडारनं प्रतिमा घेण्याची पद्धत) असे जगभर पसरलेले गट आहेत, त्यांच्यातून हवी तेवढी माणसं सापडतात.

रिव्ह्यू आला की तो लगेच वाचा पण उत्तर लगेच देऊ नका. ‘मेजर रिव्हिजन’ म्हणजे नकार नव्हे, काम दिलंय, दारही उघडं ठेवलंय. प्रत्येक मुद्दा कॉपी करून खाली उत्तर, बदललेली ओळ आणि पान नंबर द्या. न पटलेला मुद्दा पुराव्यासकट नाकारता येतो, सगळं मान्य करायची सक्ती नाही.

एडिटर मंडळींनो, विशेषांक काढताय तर

बायकांच्या ड्रोन संशोधनाचा विशेषांक काढणं चांगलंच आहे पण तो फुलांचा गुच्छ होता कामा नये. नियम आधीच जाहीर करा: फर्स्ट ऑथर किंवा करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारी लेखिका) बाई, सहलेखक कुणीही. कोण बाई हे नावावरून ओळखायला जाऊ नका, ऑथरला स्वतःला सांगू द्या. रिव्ह्यू नेहमीइतकाच कडक ठेवा, नाहीतर त्या अंकातल्या प्रत्येकीच्या पेपरला जन्मभर ‘त्या अंकातला ना’ असं ऐकावं लागेल. पण मुदत लवचिक ठेवा आणि ती कॉलमध्येच, म्हणजे पेपर मागवणाऱ्या निवेदनातच, लिहा. छपाईची फी माफ करता येणार असेल तर तेही तिथेच लिहा, कारण फी बघूनच बऱ्याच जणी अ‍ॅब्स्ट्रॅक्टसुद्धा पाठवत नाहीत.

नुसता कॉल टाकून बसू नका. कॉन्फरन्सच्या पोस्टर सेशनमध्ये जा, थिसिस बघा, तिथे पेपर होण्याच्या उंबरठ्यावर असलेलं भरपूर काम पडून असतं, त्या मुलींना नावानं मेल करा आणि ‘तुमचा अमुक निकाल या अंकात बसतो’ असं नेमकं लिहा. आणि विशेषांक संपल्यावर खरी कसोटी: त्यातल्या किती जणींना नेहमीच्या अंकासाठी रिव्ह्यूअर केलं, किती एडिटोरियल बोर्डावर आल्या. दरवर्षी सबमिशन, स्वीकृती आणि रिव्ह्यूअर यांचे आकडे वेगवेगळे काढून छापा.

नाव वगळलं गेलं तर

आधी लॉग, ईमेल, फाइलचा इतिहास, स्क्रिप्टच्या तारखा एका जागी गोळा करा. मग करस्पाँडिंग ऑथरला मेल, छोटा आणि थंड डोक्यानं, साधारण असा: ‘सर, मसुदा पाहिला. फ्लाइट प्लॅन, पॉइंट मोजणी आणि प्रोसेसिंग मी केलं होतं, नोंदी सोबत जोडल्या आहेत. सुरुवातीला ठरल्याप्रमाणे माझं नाव दिसत नाही. मी मसुदा वाचून शुक्रवारपर्यंत सूचना पाठवते, तोपर्यंत सबमिट करू नये ही विनंती.’ यात आरोप नाही, पण चारही निकष पूर्ण करायची तयारी लेखी आली आणि तारीखही आली. फोनवर बोलणं झालं तर त्यानंतर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून दोन ओळींचा मेल टाकाच.

उत्तर आलं नाही तर विभागप्रमुख किंवा संस्थेची रिसर्च एथिक्स समिती, त्यानंतर जर्नल. जर्नल स्वतः निवाडा करत बसत नाही, ते सहसा प्रकरण संस्थेकडे पाठवतं, पण पेपरची प्रक्रिया थांबवू शकतं. पेपर छापून आला असेल तरी करेक्शन काढून नाव घालता येतं, त्यासाठी सगळ्या ऑथरांची लेखी संमती मागतात, म्हणून सहलेखकांपैकी जे तुमच्या बाजूचे आहेत त्यांच्याशी आधी बोलून घ्या आणि त्यांचे मेल जपून ठेवा.